मत एका पक्षाला, पालिका दुसऱ्याची?

प्रश्न : आम्ही नेरुळला राहतो. २०१५ साली पालिका निवडणुकीत घड्याळाला मत दिले. चार वर्षांनी, मधे कोणतीही निवडणूक न होता, नवी मुंबई महापालिका भाजपची झाल्याचे वाचले. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षे निवडणूकच झाली नाही आणि यंदा जानेवारीत झाली तेव्हा एकदम चार बटणे दाबावी लागली. माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. तो सांगतो, त्यांच्याकडे कौंटीच्या कारभाऱ्यांची निवडणूक ठरल्या वेळी होते. मग आपली ‘कौंटी’ कोणती? आणि निवडणुकीशिवाय पालिकेतला सत्ताधारी पक्ष बदलतो तरी कसा?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : आपण विचारलेत दोन प्रश्न, पण पत्रात गाठी बऱ्याच आहेत. आपला कारभार नेमका कोण पाहते, सत्ता कुठे मोजली जाते, ती मधेच हातातून हातात कशी जाते, निवडणूक इतकी का लांबली आणि चार बटणे कुठून आली, अशा क्रमाने त्या सोडवू.

आपली ‘कौंटी’ कोणती?

अमेरिकेतल्या कौंटीला आपल्याकडे सर्वांत जवळची संस्था म्हणजे जिल्हा परिषद. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून काम करू लागल्या. मात्र जिल्हा परिषदेचा अधिकार ग्रामीण भागापुरता असतो. जिथे नगरपरिषद किंवा महापालिका आहे, तिथला मतदार जिल्हा परिषदेला मत देत नाही. नेरुळ ठाणे जिल्ह्यात असले तरी ठाणे जिल्हा परिषदेच्या निवडणुकीशी आपला संबंध येत नाही. पाणी, कचरा, रस्ते, पथदिवे, पालिकेच्या शाळा, दवाखाने यांसाठी आपले स्थानिक सरकार म्हणजे नवी मुंबई महानगरपालिका. ती १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली आणि तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली.

इथे एक नेहमीचा गैरसमज दूर करायला हवा. ‘नवी मुंबई’ हे नाव ज्या सगळ्या परिसराला आपण देतो, तो सगळा नवी मुंबई महापालिकेत नाही. नवे शहर वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात शहराची आखणी झाली. महापालिकेकडे आला तो त्यातला दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा ठाणे जिल्ह्यातला पट्टा. बेलापूरच्या पुढचे खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे भाग रायगड जिल्ह्यात येतात. १ ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महापालिकेत आहेत आणि त्या पालिकेची पहिली निवडणूक मे २०१७ मध्ये झाली. त्यामुळे बेलापूर आणि खारघर ही रेल्वेची शेजारशेजारची स्थानके असली, तरी दोन्हीकडचे नगरसेवक, महापौर आणि मालमत्ता कराची बिले वेगळी असतात.

सिडको मात्र निवडून आलेली संस्था नाही. ती राज्य सरकारची कंपनी आहे. तिथे सत्ताधारी आणि विरोधक असे काही नसते. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक यांची नेमणूक राज्य सरकार करते. घराच्या भाडेपट्ट्याचा किंवा भूखंडाच्या हस्तांतरणाचा प्रश्न घेऊन नगरसेवकाकडे जाणारा माणूस पुष्कळदा निराश होऊन परततो, त्याचे कारण हेच.

सत्ता मोजतात कुठे?

मतदान केंद्रात आपण बटण दाबतो ते ‘पालिका या पक्षाला द्या’ म्हणून नव्हे. आपण आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडतो. सत्ता कोणाची, हे पुढे नगरसेवकांच्या डोक्यांची मोजणी करून ठरते. नवी मुंबईच्या सभागृहात १११ जागा आहेत, म्हणजे बहुमताला ५६ लागतात. ज्याच्या पाठीशी ५६ हात वर होतील, त्याचा महापौर. महापौराची निवड नगरसेवक करतात, त्याची मुदत अडीच वर्षांची असते आणि ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव राहील, हे राज्याचे नगरविकास खाते सोडत काढून ठरवते.

आपल्या सोसायटीत हेच घडते. सभासद मते देऊन समिती निवडतात आणि अध्यक्ष कोण व्हायचे हे समिती आपसात ठरवते. समितीतल्या चार-पाच जणांनी मधेच बाजू बदलली, तर सभासदांनी नवे मतदान न करताही अध्यक्ष बदलू शकतो.

नगरपरिषदांत हे थोडे वेगळे आहे. तिथे नगराध्यक्ष थेट जनता निवडते. म्हणून तिथे दुसराच पेच पडू शकतो. आपल्या जवळच्या अंबरनाथमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये नगराध्यक्षपद भाजपने जिंकले, पण नगरसेवकांत सर्वांत मोठा पक्ष ठरला एकनाथ शिंदे यांची शिवसेना. ५९ जागांपैकी शिवसेनेच्या २७, भाजपच्या १४, काँग्रेसच्या १२ आणि राष्ट्रवादीच्या ४. शिवसेनेला बहुमत हुकले. भाजपने आधी काँग्रेस आणि राष्ट्रवादीला बरोबर घेऊन आघाडी केली. काँग्रेसने त्या १२ जणांना निलंबित केले, तेव्हा ते भाजपमध्ये गेले. मग राष्ट्रवादीच्या चौघांनी शिवसेनेला साथ दिली आणि गणित पुन्हा फिरले. हे सगळे निकालानंतरच्या काही आठवड्यांत घडले आणि मतदाराला त्यात पुन्हा कोणी विचारले नाही.

आता आपल्या २०१५ च्या मतदानाकडे येऊ. त्या वेळी राष्ट्रवादी काँग्रेसचे ५२ नगरसेवक निवडून आले, शिवसेनेचे ३८, काँग्रेसचे १०, भाजपचे ६ आणि अपक्ष ५. म्हणजे सर्वांत मोठ्या पक्षालाही चार हात कमी पडत होते. काँग्रेसच्या दहांची साथ मिळाली, राष्ट्रवादीचे सुधाकर सोनवणे महापौर झाले आणि उपमहापौरपद काँग्रेसकडे गेले. आपण घड्याळाला मत दिलेत, पण जी सत्ता आली ती दोन पक्षांची होती. ५२ आणि १० मिळून ६२, हे त्या सत्तेचे खरे मोजमाप.

चिन्ह बदलले, माणसे तीच

नवी मुंबईत पक्षांची सत्ता कशी सरकत गेली ते पाहायचे तर गणेश नाईक यांच्या राजकीय प्रवासाकडे पाहावे लागते. १९९५ च्या पहिल्या निवडणुकीत ते शिवसेनेत होते. पालिका शिवसेनेकडे आली आणि त्यांचे चिरंजीव संजीव नाईक शहराचे पहिले महापौर झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाईक शिवसेनेतून बाहेर पडले आणि राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. त्यानंतर पालिकेवर राष्ट्रवादीचा झेंडा आला आणि २००५, २०१०, २०१५ अशा निवडणुकांत टिकला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, नाईक भाजपमध्ये गेले आणि राष्ट्रवादीचे बहुसंख्य नगरसेवकही त्यांच्याबरोबर गेले. २०१५ मध्ये ज्या भाजपला सहाच जागा मिळाल्या होत्या, तो अशा रीतीने पालिकेतला प्रमुख पक्ष झाला. सोनवणे यांच्यानंतर महापौर झालेले जयवंत सुतार मात्र तेच राहिले.

म्हणजे आपल्या शहरात पक्षांतराचे चाक दोन दिशांनी फिरते. कधी मतदार पक्ष बदलतात, तर कधी नेता आणि त्याचा गट पक्ष बदलतो. दुसऱ्या प्रकारात मतदाराच्या दारात नगरसेवक तोच येतो, फक्त त्याच्या गळ्यातला पट्टा वेगळ्या रंगाचा असतो.

पण नेत्याच्या नावावर सगळी मते आपोआप पडतात, असेही समजू नका. ऑक्टोबर २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत बेलापूर मतदारसंघात भाजपच्या मंदा म्हात्रे यांनी गणेश नाईक यांचा पराभव केला होता. त्यानंतर सहा महिन्यांतच झालेल्या पालिका निवडणुकीत त्यांच्याच पक्षाने सर्वाधिक जागा मिळवल्या. तोच मतदार आमदाराला एका कसोटीवर तोलतो आणि गल्लीतले गटार, नळाचा दाब, उद्यानाची देखभाल यांसाठी नगरसेवक दुसऱ्या कसोटीवर निवडतो.

पक्ष बदलणे कायद्यात बसते का?

पक्षांतरबंदीचा कायदा फक्त आमदार-खासदारांना असतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. महाराष्ट्रात नगरसेवकांसाठी आणि जिल्हा परिषद सदस्यांसाठी १९८६ चा स्वतंत्र अनर्हता कायदा आहे. ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आला, तो पक्ष नगरसेवकाने स्वेच्छेने सोडला किंवा पक्षाचा आदेश मोडून मत दिले, तर त्याचे पद जाऊ शकते. अपक्ष म्हणून निवडून येऊन नंतर एखाद्या पक्षात गेला, तरी तोच धोका असतो.

मग २०१९ सारखे प्रसंग कसे घडतात? कायद्याने विलीनीकरणाची वाट ठेवली आहे. मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि सभागृहातल्या गटातल्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी त्याला संमती दिली, तर त्यांना अपात्रता लागत नाही. ५२ जणांच्या गटाचे दोन तृतीयांश म्हणजे ३५. म्हणून एकट्या-दुकट्याने पक्ष सोडणे जोखमीचे आणि मोठा गट एकत्र जाणे सोयीचे, असे आपल्या राजकारणाचे गणित होऊन बसले. शिवाय तक्रार दाखल होणे, सुनावणी, निकाल आणि पुढे न्यायालय यांत इतका काळ जातो की सभागृहाची मुदतच संपत येते.

या कायद्याचे दप्तर आपल्याच शहरात आहे. निकाल लागला की प्रत्येक पक्षाचे नगरसेवक बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे जातात आणि गटनोंदणी करतात. आपण सारे एका गटाचे, अशी नोंद होते, प्रत्येकाची सही घेतली जाते आणि गटनेता ठरतो. सभागृहात मत कसे द्यायचे, याचा आदेश पुढे गटनेत्यामार्फत येतो. मुंबईच्या नगरसेवकांनाही यासाठी बेलापूर गाठावे लागते, कारण मुंबई कोकण विभागातच मोडते. निवडणुकीनंतरही पक्षांना किंवा गटांना आघाडी करून ती नोंदवता येते, पण निकाल अधिसूचित झाल्यापासून एका महिन्याच्या आत. समित्यांवर कोणाचे किती सदस्य जाणार, हे याच नोंदींवरून ठरते. म्हणून निकालानंतरचा तो महिना मतदानाच्या दिवसाइतकाच महत्त्वाचा आहे आणि वर्तमानपत्र वाचताना तो आपण नजरेआड करू नये.

कायद्यात बसते ते सगळे योग्यच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. चिन्ह पाहून मत देणाऱ्या माणसाला ते चिन्ह मधेच बदलताना निदान कारण कळले पाहिजे. पक्ष बदलणाऱ्या नगरसेवकाने आपल्या प्रभागात सभा घेऊन ते सांगावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

पक्ष बदलला की कारभार बदलतो का?

बदलतो, पण वाटतो तितका नाही. कारण महापौराच्या हाती सभागृहाचे अध्यक्षस्थान असते, कारभाराच्या किल्ल्या नसतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ नुसार प्रशासन चालवतो तो आयुक्त. तो भारतीय प्रशासकीय सेवेतला अधिकारी असतो आणि त्याला राज्य सरकार नेमते. एडिसनचा महापौर थेट निवडून येतो आणि नगरप्रशासनाचा प्रमुखही तोच असतो. आपल्या भाच्याला ‘महापौर’ म्हटल्यावर जे चित्र दिसते, ते इथे लागू पडत नाही.

पैशाची खरी जागा आहे स्थायी समिती. तिच्यात १६ सदस्य असतात, ते पक्षबळाच्या प्रमाणात घेतले जातात आणि दरवर्षी त्यांतले निम्मे निवृत्त होतात. मोठी कंत्राटे आणि अर्थसंकल्प तिच्यापुढून जातात. सोळा जणांत एक-दोन मते इकडेतिकडे झाली तरी सभापती बदलतो. २०१६ मध्ये महापौर राष्ट्रवादीचा असतानाही स्थायी समितीचे सभापतिपद शिवसेनेचे शिवराम पाटील यांच्याकडे गेले होते. ‘पालिका कोणाची?’ या प्रश्नाला त्या वर्षी एका शब्दात उत्तर देता आले नसते.

सभागृह आणि आयुक्त यांच्यातली रेषा कुठे आहे, ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध महासभेत अविश्वास ठराव आला. ठरावाच्या बाजूने १०४ मते पडली, विरोधात फक्त ६. ती सहा मते भाजपची होती. शिवसेना राज्याच्या सरकारात भाजपबरोबर होती, पण पालिकेत तिने राष्ट्रवादी आणि काँग्रेसबरोबर हात वर केले. एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांनी असा ठराव झाला, तर आयुक्ताला परत बोलावावे, असे कायदा सांगतो. १११ च्या सभागृहात त्यासाठी ७० मते पुरतात. इथे १०४ होती. तरीही राज्य सरकारने आपला अधिकार वापरून तो ठराव निलंबित केला आणि मुंढे पदावर राहिले. त्यांची बदली पुढे मार्च २०१७ मध्ये झाली.

मुंढे बरोबर होते की नगरसेवक, यावर आजही शहरात दोन मते आहेत. कारभाराची रचना मात्र या प्रसंगातून स्वच्छ दिसते. सभागृह जवळजवळ एकमुखाने बोलले तरी शेवटचा शब्द मंत्रालयाचा असू शकतो. म्हणून पालिका कोणत्या पक्षाची, याबरोबरच राज्यात सरकार कोणाचे, हाही प्रश्न नवी मुंबईकराला विचारावा लागतो.

सहा वर्षे निवडणूक का नव्हती?

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून पालिकांना पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे बजावले. या निवडणुका दिल्लीचा निवडणूक आयोग घेत नाही. त्यासाठी राज्य निवडणूक आयोग हे स्वतंत्र घटनात्मक पद आहे. मतदार यादी मात्र विधानसभेचीच असते, ती प्रभागवार फोडली जाते.

नवी मुंबईच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. त्याआधीच करोना आला आणि ठरलेली निवडणूक पुढे गेली. आयुक्तच प्रशासक झाले. साथ ओसरेपर्यंत दुसरी अडचण उभी राहिली होती. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी घातल्या : स्वतंत्र आयोग नेमा, मागासलेपणाची स्थानिक माहिती गोळा करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. त्यावर बांठिया आयोग बसला आणि जुलै २०२२ मध्ये त्याचा अहवाल आला. तोवर राज्यातले सरकार बदलले, प्रभागरचनेचे निर्णय फिरवले गेले आणि ते वादही न्यायालयात गेले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घालून दिली. १५ जानेवारीला राज्यातल्या २९ महापालिकांत मतदान झाले.

‘प्रशासक होता तरी पाणी येत होते, कचरा उचलला जात होता, मग बिघडले काय?’ असे विचारणारे भेटतात. पाणी येत होते हे खरे, मोरबे धरण पालिकेच्या मालकीचे आहेच. पण त्या काळात महासभेचे, स्थायी समितीचे आणि आयुक्ताचे, असे तिन्ही अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते. अर्थसंकल्प मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. चुकीच्या खर्चावर सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. सहा वर्षांत अठरा वर्षांचे झालेल्या मुलांना आपला नगरसेवक म्हणजे काय, हे पाहायलाच मिळाले नाही. लोकशाहीचे हे नुकसान रस्त्यावरच्या खड्ड्यासारखे डोळ्यांना दिसत नाही, पण ते मोठे आहे.

चार बटणे कशासाठी?

२०१५ मध्ये आपल्या शहरात १११ प्रभाग होते आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडून आला. यंदा २८ प्रभाग केले गेले. त्यांतले २७ चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा, म्हणजे जागा तेवढ्याच, १११. प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड अशी नावे असतात आणि त्यांतल्या काही महिला, ओबीसी, अनुसूचित जाती वा जमाती यांच्यासाठी राखीव असतात. प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे, म्हणून बटणे चार. चारही मते एकाच पक्षाला दिली पाहिजेत, असा काहींचा समज झाला होता. तसे बंधन नाही. चार जागांना चार वेगळ्या पक्षांचे उमेदवार निवडता येतात आणि प्रत्येक जागेसाठी ‘नोटा’ही असतो.

प्रभाग किती सदस्यांचा, हे राज्य सरकार ठरवते आणि सरकार बदलले की हा आकडाही अनेकदा बदलला आहे. २०१७ मध्ये पुणे, नागपूर, नाशिकला चार सदस्यांचा प्रभाग होता. महाविकास आघाडीने आधी एक सदस्याचा आणि नंतर तीनचा निर्णय घेतला. त्यापुढचे सरकार पुन्हा चारवर आले. मोठ्या प्रभागात उमेदवाराची ओळख मागे पडते, पक्षाचे चिन्ह पुढे येते आणि अपक्षाला सगळीकडे पोहोचणे अवघड होते. दिवा बंद पडला तर चौघांपैकी कोणाला विचारायचे, हा रहिवाशाचा प्रश्न वेगळाच. मुंबईत मात्र अजूनही एक प्रभाग, एक नगरसेवक हीच पद्धत आहे.

निकाल असा लागला : भाजप ६५, शिवसेना (शिंदे) ४२, शिवसेना (ठाकरे) २, मनसे १ आणि अपक्ष १. राज्यात भाजप आणि शिंदे यांची शिवसेना एकत्र सत्तेत आहेत, पण नवी मुंबईत ते एकमेकांविरुद्ध लढले. म्हणून मंत्रिमंडळातले मित्र इथल्या सभागृहात समोरासमोर बसतात. यात कायद्याने वावगे काही नाही. पालिकेतली सत्ता राज्यातल्या युतीवर अवलंबून नसते. उलट, ४२ जणांचा विरोधी गट जागा राहिला, तर त्याचा फायदा शहरालाच होईल.

आणि भाच्याकडचे काय?

न्यू जर्सीत एडिसन ज्या मिडलसेक्स कौंटीत येते, तिथे सात आयुक्त असतात आणि ते पक्षाच्या नावावर निवडून येतात. हे आयुक्त लोकांनी निवडलेले असतात, आपल्या आयुक्तासारखे सरकारने नेमलेले नसतात. मुदत तीन वर्षांची, पण सगळ्यांची एकदम संपत नाही. त्यामुळे तिथला पक्षबदल टप्प्याटप्प्याने होतो. आपल्याकडे सगळ्या जागा एकाच दिवशी भरल्या जातात. इंग्लंडच्या केंट परगण्याच्या कौन्सिलमध्येही तसेच होते. तिथे १९९७ पासून हुजूर पक्षाची सत्ता होती. मे २०२५ च्या एका निवडणुकीत ८१ पैकी ५७ जागा रिफॉर्म यूके या नव्या पक्षाने जिंकल्या आणि सत्ता एका रात्रीत पालटली. भाच्याचा हेवा करायचा असेल तर तो एका गोष्टीसाठी करावा. त्याच्या गावी निवडणुकीची तारीख कॅलेंडरमध्ये पक्की असते, ती न्यायालयात मागावी लागत नाही.

थोडक्यात, आपले मत फुकट गेले नाही, पण त्याचे काम मतदानाच्या दिवशी संपत नाही. आपल्या प्रभागाचे चार नगरसेवक कोण, कोणत्या गटात त्यांची नोंद झाली आहे आणि स्थायी समितीवर त्यांच्यापैकी कोणी आहे का, एवढे माहीत करून घ्या. महासभा सामान्यतः सर्वांसाठी खुली असते. बेलापूरच्या मुख्यालयात जाऊन एकदा तरी ती पाहा आणि आपल्या नगरसेवकाला पुढच्या भेटीत विचारा, की अमुक ठरावाला तुम्ही हात वर केलात की नाही. हे विचारणारे मतदार वाढले, की चिन्ह बदलण्यापूर्वी नगरसेवकही दहा वेळा विचार करील.